बाळंतपण, बाळ आणि विम्याचं कार्ड : जबलपूरकरांसाठी

कार्ड नेमकं कुठे चालतं?

आयुष्मान कार्ड २०१८ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण देतं, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. बाळंतपणातला धोका मात्र त्याआधीच वाढत असतो. अंगात रक्त कमी, चढलेलं बीपी, लघवीतून जाणारं प्रथिन हे सगळं साध्या तपासणीत कळतं, आणि बाहेरून केलेल्या या तपासण्यांचा खर्च कार्डातून मिळत नाही. पैसे वाचवायला म्हणून तपासणी टळते. माझ्या मते खरा घात इथेच होतो.

२०१८-२० मध्ये मध्य प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. शेजारच्या महाराष्ट्रात ३३.

कार्डातली ही फट कशी बुजते?

२०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात गरोदरपणातल्या तपासण्या, औषधं, सोनोग्राफी, रक्त, सिझेरियनसुद्धा मोफत आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. म्हणजे फॅक्टरीत नोकरी असलेल्या घरातली सूनही एल्गिन रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला जाऊ शकते. न्यायला १०८ वर जननी एक्सप्रेस मागवा. परतीची गाडीही मोफत. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, ती एकदाही चुकवू नका.

पहिलटकरीण माहेरी निघाली तर?

आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी नागपूरला किंवा अमरावतीला माहेरी जाते. आयुष्मान कार्ड तिथल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं. पण तपासण्यांची नोंद असलेलं कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट हे सगळं तिच्या पिशवीत असलंच पाहिजे. नव्या डॉक्टरला तिचा मागचा इतिहास त्यातूनच कळतो.

बाळाचे पहिले दिवस

कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळासाठी सरकारी दवाखान्यांत नवजात शिशु कक्ष असतात. आजारी बाळाचा सरकारी दवाखान्यातला उपचार ते वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे.

खासगी पॉलिसीवर विसंबणाऱ्यांनी जास्त जपावं. प्रसूतीच्या खर्चासाठी अनेक पॉलिसींत दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. प्रसूतीचं संरक्षण नसेल तर बाळाला बहुधा ९० दिवसांनंतरच घेतात, आणि काचेच्या पेटीची गरज पडते ती पहिल्याच आठवड्यात. लग्नानंतर लगेच पॉलिसीतलं हे कलम वाचा, आणि एजंटाकडून लेखी उत्तर मागा.