डॉग फूडच्या पाकिटाला मंजुरी कोण देतं?

पुण्या-मुंबईतल्या पेट शॉपमध्ये थायलंडहून आलेलं मांजराचं पाऊच, युरोपात बनलेलं कोरडं खाद्य आणि आपल्याकडच्या कारखान्यातलं डॉग फूड एकाच फळीवर मांडलेलं असतं. घेणारा किंमत बघतो, मागच्या बारीक इंग्रजी मजकुरावरून नजर फिरवतो आणि धरून चालतो की एवढं छापलंय म्हणजे कुण्या सरकारी माणसानं ते तपासलं असणारच. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. त्यांची किंमत मोजतो तो मुका जीव, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

पहिला गैरसमज अमेरिकेबद्दलचा. तिथं सरकारी मंजुरीशिवाय प्राण्यांचं खाद्य बाजारात येत नाही, असं अनेकांना वाटतं. वस्तुस्थिती अशी की खाद्य सुरक्षित असावं, स्वच्छ जागी तयार व्हावं, त्यात घातक पदार्थ नसावेत आणि लेबल खरं असावं, एवढं तिथला कायदा बजावतो. अंमलबजावणी केंद्रात एफडीए हे अन्न-औषध प्रशासन आणि राज्यांमध्ये तिथली खाती करतात. पण विक्रीआधी उत्पादनाला एफडीएची मंजुरी घ्यावी लागत नाही. पाकिटावर ज्या ‘ॲफको’चं नाव दिसतं, ती १९०९ साली स्थापन झालेली पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना आहे. ती पोषणाची कोष्टकं आणि नमुना नियम तयार करते आणि बहुतेक राज्यं ते आपल्या कायद्यात घेतात. ॲफको स्वतः कुठलंही खाद्य तपासत नाही, प्रमाणपत्र देत नाही. त्यामुळे दुकानदार ‘ॲफको अप्रूव्ह्ड’ म्हणाला, तर त्या शब्दांना अर्थ नाही.

अर्थ आहे तो मागे छापलेल्या एका वाक्याला. ते दोन तऱ्हेचं असतं. एकात खाद्य ॲफकोच्या कोष्टकानुसार ‘तयार केलं आहे’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे घटकांचं गणित जुळवलेलं असतं. दुसऱ्यात प्राण्यांना प्रत्यक्ष खाऊ घालून चाचणी घेतल्याचा उल्लेख असतो. प्रौढ कुत्र्यांसाठीच्या अशा चाचणीत किमान ८ कुत्री २६ आठवडे त्याच खाद्यावर ठेवतात. चाचणी लहान आहे हे खरं, पण नुसत्या गणितापलीकडे तिथं काहीतरी घडलेलं असतं. त्याच वाक्यात खाद्य प्रौढांसाठी आहे, पिल्लांसाठी आहे की सर्व वयांसाठी, हेही सांगितलेलं असतं. आणि ‘इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’ किंवा युरोपीय पाकिटावर ‘कॉम्प्लिमेंटरी’ असं लिहिलं असेल, तर ते पूर्ण जेवण नाही. मांजरांना आवडणारी क्रीमसारखी ट्रीट बहुतेक वेळा याच गटातली असते. ती रोज दोन्ही वेळा पोटभर देणारी घरं मी पाहिली आहेत.

कायदा किती मागून धावतो, हे २००७ साली दिसलं. त्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. शोध चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनपाशी पोचला. त्यात मेलामाइन मिसळलेलं होतं. मेलामाइनच का? प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून त्यावरून आकडा काढतात. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, त्यामुळे निकृष्ट माल कागदावर प्रथिनयुक्त ठरला. सायन्युरिक आम्लाबरोबर त्याचे स्फटिक बनतात आणि मूत्रपिंडात अडकतात. मेन्यू फूड्स ही एक कंपनी अनेक ब्रँडांसाठी खाद्य बनवत होती, त्यामुळे स्वस्त आणि महाग अशी दोन्ही पाकिटं एकाच वेळी परत मागवावी लागली. जास्त पैसे मोजणाऱ्याला संरक्षण मिळालं नाही. या प्रकरणानंतर जपाननं पेट फूडसाठी वेगळा कायदा केला. तो जून २००९ पासून लागू आहे. त्यात मेलामाइन, बुरशीचं विष आणि कीटकनाशकं यांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. पण तो कायदा फक्त कुत्र्या-मांजरांपुरता आहे, ससा किंवा पक्षी पाळणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

‘पाकिटावर चिकन लिहिलंय म्हणजे आत चिकनच’ हा समज तर घराघरात आहे. अमेरिकी नियमांत एकेका शब्दावर टक्केवारी बदलते. डॉग फूडच्या नावात नुसतं ‘चिकन’ असेल, तर वरून घातलेलं पाणी सोडून ९५ टक्के चिकन हवं. ‘चिकन डिनर’ म्हटलं की २५ टक्के पुरतं. ‘विथ चिकन’ला ३ टक्के पुरतात. ‘चिकन फ्लेवर’ला तर ठरावीक टक्काच नाही, चव ओळखू आली की झालं. युरोपात ‘विथ चिकन’ म्हणजे किमान ४ टक्के आणि ‘रिच इन चिकन’ म्हणजे किमान १४ टक्के. चित्र मात्र सगळ्या पाकिटांवर भाजलेल्या कोंबडीचंच असतं.

प्रथिनांच्या आकड्याचंही असंच. कोरड्या पाकिटावर २६ टक्के आणि ओल्या पाऊचवर १० टक्के बघून लोक कोरडं उचलतात. मधलं पाणी वजा करून बघा. पाऊचमध्ये ७८ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या २२ भागांत १० भाग प्रथिनं, म्हणजे सुमारे ४५ टक्के. कोरड्या खाद्यात १० टक्के ओलावा धरला, तर ९० भागांत २६, म्हणजे सुमारे २९ टक्के. घटकांच्या यादीतही हीच मेख आहे. क्रम शिजवण्याआधीच्या वजनानं लागतो, म्हणून पाण्यानं जड झालेलं ताजं मांस वर जातं.

‘बाय-प्रॉडक्ट म्हणजे कत्तलखान्यातली घाण’ हेही सरसकट खरं नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमानुसार नेहमीच्या पेट फूडमध्ये साधारणपणे तिसऱ्या श्रेणीचाच प्राणिज माल वापरता येतो. माणसाच्या खाण्याला योग्य, पण खप नसल्यामुळे उरलेले जनावराचे भाग मुख्यतः या श्रेणीत येतात. यकृत, हृदय, फुप्फुसं यांत पोषण असतंच. उलट ‘प्रीमियम’ आणि ‘होलिस्टिक’ या शब्दांना अमेरिकेत कायदेशीर व्याख्याच नाही, आणि आपण जादा पैसे मोजतो ते त्याच शब्दांना.

श्रीमंत देशात कडक कायदा असतोच, हेही गृहीत धरू नये. ऑस्ट्रेलियाचं पेट फूडचं मानक ऐच्छिक आहे. तिथं व्हिक्टोरिया राज्यात २०२१ साली इंडोस्पिसिन हे वनस्पतिजन्य विष असलेलं मांस खाऊन वीसहून जास्त कुत्री दगावली.

आता आपल्याकडचं. भारतात एफएसएसएआय ही सरकारी अन्नसुरक्षा संस्था पेट फूड तपासते, असा समज आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाचं अन्न, जनावरांचं खाद्य त्या व्याख्येबाहेर ठेवलेलं आहे. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं मानक आहे, पण ते ऐच्छिक आहे. आयात मालाला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याचा परवाना लागतो, पण त्याचा रोख परदेशी रोग देशात येऊ नयेत यावर असतो. तो पोषणाची हमी नाही.

यावर ‘मग घरचंच बरं’ म्हणणाऱ्यांना मांजरांबद्दल एक सांगायलाच हवं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. टॉरिन मांसात आणि मासळीत असतं, पोळीत आणि भातात नसतं. आपल्या शाकाहारी घरात वाढणाऱ्या मांजराला नुसता दूधभात पुरत नाही.

खेळण्यांना आणि हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तसं आयएस ११९६८ ही सक्तीचं व्हायला हवं. ग्राहकांनी आणि व्हेट मंडळींनी ही मागणी लावून धरावी. तोवर एवढं तरी करा: खाद्य डब्यात ओतल्यावर रिकामं पाकीट लगेच टाकू नका. जनावर आजारी पडलं, तर बॅच नंबर आणि तारीख त्या पाकिटावरच असते, आणि त्याशिवाय कंपनीला किंवा सरकारला काहीच शोधता येत नाही.