ब्रेन्ट स्कोक्रॉफ्ट : दोन अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार

अमेरिकेतील राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचे पद काहीसे चमत्कारिक आहे. नेमणुकीला सिनेटची संमती लागत नाही. हाताखाली खाते नाही, सैन्य नाही. अध्यक्षांचा विश्वास हाच त्याचा अधिकार. या पदावर दोन वेगवेगळ्या अध्यक्षांनी स्वतंत्रपणे नेमलेले एकमेव गृहस्थ म्हणजे लेफ्टनंट जनरल ब्रेन्ट स्कोक्रॉफ्ट.

१९२५ मध्ये युटा राज्यात जन्मलेले स्कोक्रॉफ्ट १९४७ मध्ये वेस्ट पॉइंटमधून बाहेर पडले, ते लढाऊ वैमानिक होण्यासाठी. मात्र १९४९ मध्ये विमान कोसळून पाठीचा कणा मोडला. दोन वर्षे रुग्णालयात गेली आणि पुढची वाट ग्रंथांकडे वळली. रशियन इतिहासाचे अध्यापन, बेलग्रेडच्या वकिलातीतील नेमणूक, कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट आणि मग किसिंजर यांचे उपसल्लागारपद. १९७५ मध्ये फोर्ड यांनी मुख्य पद देऊ केले, तेव्हा त्यांनी हवाई दलातून निवृत्ती पत्करली.

हा निर्णय किरकोळ नव्हे. पुढे रीगन यांच्या कारकिर्दीत ॲडमिरल पॉइंडेक्स्टर नौदलाच्या सेवेत असतानाच सल्लागार झाले आणि इराणला चोरून शस्त्रे विकण्याच्या प्रकरणात बुडाले. त्याची चौकशी करणाऱ्या त्रिसदस्य टॉवर आयोगात स्कोक्रॉफ्ट होते. सल्लागाराने स्वतः मोहिमा चालवू नयेत, हा धडा त्यांनी तेथे पक्का केला असावा.

१९८९ मध्ये थोरल्या बुश यांनी त्यांना पुन्हा बोलावले. प्रत्येक खात्याचे म्हणणे अध्यक्षांपर्यंत जसेच्या तसे पोहोचवायचे आणि स्वतःचे मत एकांतात सांगायचे, ही त्यांची रीत. (बैठकीत डुलकी घेण्याबद्दल बुश यांनी त्यांच्या नावाने पुरस्कारच ठेवला होता!) १९९० च्या मे महिन्यात काश्मीरवरून तणाव वाढला, तेव्हा त्यांचेच उपसल्लागार रॉबर्ट गेट्स इस्लामाबाद आणि दिल्लीला येऊन गेले. तियानआनमेनच्या हत्याकांडानंतर महिनाभरात त्यांनी केलेली गुप्त चीनवारी मात्र आजही खटकते.

१९९१ मध्ये कुवेत मुक्त होताच युद्ध थांबले; बगदादकडे न जाण्याच्या निर्णयाचे त्यांनी पुढे सातत्याने समर्थन केले. १५ ऑगस्ट २००२ रोजी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये लेख लिहून त्यांनी सद्दामवर हल्ला करू नका, असे उघडपणे बजावले. अध्यक्षपदी होते मित्राचेच पुत्र. सुरक्षा सल्लागार होत्या कॉन्डोलिझा राइस. १९८९ मध्ये त्यांना सुरक्षा परिषदेत स्कोक्रॉफ्ट यांनीच आणले होते. मार्च २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले.