दही, समुद्री शेवाळ आणि ‘प्रोबायोटिक’चा व्यापार

किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये ‘प्रोबायोटिक’ असे छापलेल्या बाटल्या आणि डबे आता सर्रास दिसतात. मुळशी तालुक्यात या धंद्याची दोन्ही टोके एकत्र आली आहेत. पौडपासून ताम्हिणीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर गाई-म्हशींचे दूध निघते आणि त्याच तालुक्यातील हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये असा माल चार पैसे जास्त देऊन घेणारा ग्राहक आहे. म्हणून दूध-दही आणि किराण्याचा धंदा करणाऱ्या बंधूंनी हा शब्द समजून घेणे गरजेचे आहे. न समजता विकला तर आज नफा मिळेल, पण उद्या पत जाईल.

दह्यात काय घडते?

कोमट दुधात विरजण घातले की त्यातील लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दुधातील साखर खातात आणि तिचे आम्ल बनवतात. आम्ल वाढले की दुधातील केसिन हे प्रथिन गोठते व दही लागते. मुळशीच्या पावसाळी गारठ्यात दही लवकर लागत नाही, म्हणून घरच्या बाया भांडे गोधडीत गुंडाळून ठेवतात. जिवाणूंना ऊब लागते, एवढेच त्यामागचे शास्त्र. नाचणीची आंबील, इडलीचे पीठ यांतही याच जातीचे जिवाणू काम करतात.

आंबवणे म्हणजे दारूच, अशी शंका काही लोक काढतात. दारू मुख्यतः यीस्ट तयार करते. दही लावणारे जिवाणू साखरेपासून प्रामुख्याने लॅक्टिक आम्ल बनवतात. दोन्ही क्रिया वेगळ्या आहेत.

फायदा किती, जाहिरात किती?

१९०५ साली बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी तिकडच्या दह्यातील जिवाणू शोधला. नोबेल विजेते शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांनी दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. पुढे जपानमध्ये डॉ. मिनोरू शिरोता यांनी निवडलेल्या जिवाणूपासून १९३५ साली ‘याकुल्ट’ बाजारात आले. भारतात ते २००८ मध्ये आले.

आज सिद्ध झालेल्या गोष्टी मोजक्या आहेत. ज्यांना दूध पचत नाही त्यांना जिवंत जिवाणूंचे दही सोसते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबात काही ठराविक जिवाणू उपयोगी पडतात. आपल्या देशातील एक मोठा पुरावा ओडिशाचा आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही व सहकाऱ्यांनी तेथील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर चाचणी केली. त्यांपैकी एका गटाला सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू व त्याचे खाद्य दिले. रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचे प्रमाण साध्या पुडीच्या गटात ९ टक्के होते, ते या गटात ५.४ टक्के राहिले. हा निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पण तो त्याच जिवाणूचा, त्याच मात्रेचा आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालचा आहे. त्याच्या जोरावर दुसरी कोणतीही बाटली सर्व रोगांवर औषध ठरत नाही.

शेवाळाची गोष्ट

समुद्री शेवाळ आपल्याला परके नाही. रमजानमध्ये घरोघरी होणारे चायना ग्रास हे शेवाळापासूनच निघते. कापडाच्या धंद्यातील लोक तर रिअॅक्टिव्ह रंगाच्या छपाईत खळ दाट करायला सोडियम अल्जिनेट वापरतात, तेही तपकिरी शेवाळाचेच. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हे शेवाळ गोळा होते. शेवाळ शेतीसाठी केंद्राने २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत ६४० कोटी रुपये ठेवले.

शेवाळातील बराचसा तंतू आपल्या पोटात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील जिवाणूंचे खाद्य होतो. जपान व कोरियात शेवाळ लॅक्टिक जिवाणूंनी आंबवण्याचे प्रयोग झाले आहेत. शेवाळाची भिंत जिवाणूंना सहज फोडता येत नाही, म्हणून जपानी शास्त्रज्ञांनी आधी विकर घालून ती मऊ केली. हा माल आशादायक आहे, पण माणसांवरील पुरावा अजून थोडा आहे. शिवाय काही शेवाळांत आयोडिन फार असते. थायरॉईडच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते खाऊ नये. हिजिकी नावाच्या शेवाळात आर्सेनिक असल्याने ब्रिटनने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला होता.

माल घेताना काय पाहावे?

थान घेताना आपण दलालाच्या बोलण्यावर जात नाही, किनारीवरचा छापा पाहतो. इथेही तेच करावे.

पहिली गोष्ट, लेबलवर जिवाणूचे पूर्ण नाव आणि संख्या आहे का? सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाच्या मात्रेत साधारणपणे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत.

दुसरी, माल थंड राहिला का? फ्रीज रात्री बंद करून वीज वाचवणारा दुकानदार ग्राहकाला जिवाणूंऐवजी आंबट पाणी विकतो.

तिसरी, आंबवल्यानंतर माल तापवला आहे का? फ्रीजबाहेर महिनोनमहिने टिकणाऱ्या खोक्यातील ताकात, तसेच उकळलेल्या कढीत जिवाणू जिवंत नसतात. पोषण मिळते, पण प्रोबायोटिक म्हणता येत नाही.

चौथी, गोळीच्या कॅप्सूलचे जिलेटिन कशाचे आहे? ज्यांना हलाल-हरामचा विचार करायचा आहे त्यांनी वनस्पतिजन्य कॅप्सूल मागावी.

अतिशय आजारी माणसाला किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला असा कोणताही माल डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

मुळशीच्या दूधवाल्याने काय करावे?

घरगुती दह्यात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण ते कोणते आणि किती हे मोजलेले नसते. म्हणून पिशवीवर ‘प्रोबायोटिक’ छापू नये. ते नियमाला धरून नाही आणि ग्राहकाशी प्रामाणिकपणाही नाही. ‘ताजे दही, अमुक तारखेला लावलेले’ एवढे खरे लिहिले तरी हिंजवडीचा ग्राहक ते घेईल. धंदा वाढला आणि ठराविक जिवाणूंचे दही करायचे झाले, तर पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे चौकशी करावी, दही तपासून घ्यावे आणि मगच लेबल छापावे. स्वच्छ भांडी, चांगले विरजण आणि खरे लेबल या तीन गोष्टींवर हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालू शकतो.