झटक्यात ताणलेले पोलाद

पोलाद किती ताण सोसते, या प्रश्नाचे उत्तर अभियांत्रिकीच्या तक्त्यांत बहुधा एकाच आकड्यात दिलेले असते आणि तो आकडा कोणत्या वेगाने ताणून काढला, याचा उल्लेख सहसा नसतो. प्रत्यक्षात तो फार संथपणे काढलेला असतो. नमुन्याचा ५० मिलिमीटर लांबीचा भाग मिनिटाला ३ मिलिमीटर या गतीने ताणला, तर त्याची लांबी दर सेकंदाला मूळ लांबीच्या एक हजारांशाने वाढते. मूळ लांबीच्या प्रमाणात झालेल्या या बदलाला विकृती आणि ती ज्या गतीने वाढते तिला विकृतिदर म्हणतात. मोटारींच्या टकरीत पत्र्याच्या काही भागांत हाच दर सेकंदाला शेकड्यांच्या घरात, म्हणजे संथ चाचणीच्या लाखोपट, जातो आणि तेथे तक्त्यातला आकडा उपयोगी पडत नाही.

साधे मृदू पोलाद याचे ठळक उदाहरण आहे. ज्या ताणानंतर धातू पूर्ववत न होता कायमचा लांबू लागतो, तो ताण या पोलादात विकृतिदर सेकंदाला ४० च्या आसपास गेला की संथ चाचणीतल्या मूल्याच्या सुमारे दुप्पट होतो. याचे कारण स्फटिकांच्या रचनेत आहे. धातू वाकतो किंवा लांबतो तेव्हा स्फटिकांतील अणूंच्या रांगांमधले दोष, ज्यांना स्थानभ्रंश म्हणतात, पुढे सरकत असतात. वाटेतले अडथळे ओलांडण्यासाठी त्यांना अणूंच्या उष्णताजन्य कंपनांचे साहाय्य मिळते. मात्र त्यासाठी थोडा अवधी लागतो आणि तो न मिळाल्यास तीच हालचाल घडवायला अधिक बळ लावावे लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच मिश्रधातूंवर वेगाचा परिणाम तुलनेने अल्प असतो, तर बंपरसाठी वापरले जाणारे पॉलिप्रोपिलीन संथपणे वाकवल्यास निमूटपणे वाकते, पण झटक्यात, विशेषतः थंडीत, तडकते.

या विषयाचा पाया ब्रिटनमधील एका पिता-पुत्रांनी घातला. जॉन हॉपकिन्सन यांनी १८७२ मध्ये टांगलेल्या लोखंडी तारेच्या खालच्या टोकावर वजन आदळवले, तेव्हा तार तुटणे हे वजन किती जड आहे यापेक्षा ते किती उंचीवरून पडले यावर अवलंबून असल्याचे दिसले. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की काही वेळा तार आघात झालेल्या टोकाशी न तुटता वर, जखडलेल्या टोकाशी तुटत असे. आघाताची लाट तारेतून वर जाते, जखडलेल्या टोकावरून परावर्तित होते आणि जाणारी व परतणारी लाट एकमेकींत मिसळून तेथील ताण वाढतो.

केंब्रिजमधील प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी १९१४ मध्ये वडिलांच्या या लाटेलाच मोजमापाचे साधन बनवले. पोलादी दांड्याच्या टोकाला त्यांनी एक आखूड तुकडा चुंबकाच्या आधाराने चिकटवला आणि दुसऱ्या टोकाशी स्फोट घडवला. दाबाची लाट तुकड्यात शिरून त्याच्या मोकळ्या टोकावरून ताणाची लाट होऊन परतते; सांधा दाब पेलतो, पण ताण पेलत नाही, त्यामुळे तुकडा लाटेतला संवेग घेऊन उडून जातो. तुकड्याची लांबी बदलत गेल्यास स्फोटाचा दाब किती काळ टिकला, याचा अंदाज बांधता येतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणे हाताशी नसताना सुचलेली ही युक्ती आजही थक्क करते.

हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये दांडा दुभागून मधे नमुना ठेवला आणि आजची पद्धत सिद्ध झाली. ताणाच्या चाचणीसाठी नमुना दोन्ही दांड्यांना आट्यांनी जोडतात किंवा चपटा असल्यास खाचेत चिकटवतात. पहिल्या दांड्याभोवतीची नळी हवेच्या दाबाने सरकून टोकाच्या कडीवर आदळते आणि ताणाची लाट निघते. लाटेचा काही भाग नमुन्यावरून परततो, उरलेला पलीकडे जातो. दांड्यांवर चिकटवलेल्या स्ट्रेन गेज या बारीक विद्युत पट्ट्या दोन्ही लाटा टिपतात. परतलेल्या लाटेवरून विकृतिदर आणि पलीकडे गेलेल्या लाटेवरून नमुन्यावरचे बळ कळते.

पोलादी दांड्यात लाट सेकंदाला सुमारे ५००० मीटर धावते, म्हणून अर्ध्या मीटरच्या नळीचा आघात सेकंदाच्या पाच हजारांशाइतकाच टिकतो. तेवढ्यात विकृतिदर १००० असेल, तर नमुना २० टक्के लांबतो. नमुना आखूड ठेवण्याचे कारणही हेच: १० मिलिमीटर लांबीत लाट २ मायक्रोसेकंदांत पलीकडे पोहोचते आणि काही फेऱ्यांनंतर दोन्ही टोकांवरचे बळ सारखे होते. त्याआधीच्या नोंदींवर विसंबणे चूक ठरते, आणि या पद्धतीत नवख्यांची फसगत बहुधा येथेच होते. शिवाय खर्ची पडलेल्या कार्याचा बहुतांश भाग उष्णतेत बदलतो आणि तिला निसटायला वेळ नसल्याने नमुना तापून काहीसा मऊही पडतो. म्हणजे वेगाने आलेले बळ वेगामुळेच थोडे ओसरते.

ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनसीएपी या मूल्यांकनात मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते. अशा टकरीचे गणित संगणकावर आधी मांडताना प्रत्येक पत्र्यासाठी निरनिराळ्या विकृतिदरांचे आलेख द्यावे लागतात. केवळ संथ चाचणीचा आलेख दिल्यास गाडीचा पुढचा भाग किती दबेल, याचा अंदाज चुकतो.