कामाचं काळं

जव्हारहून दाभोशाच्या रस्त्याला लागलं की हल्ली तंबूंच्या पाट्या दिसू लागतात. 'राहण्याची सोय, चुलीवरचं जेवण, बार्बेक्यू.' या शेवटच्या शब्दापाशी मी अडखळलो आणि गाडी बाजूला घेतली. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे ज्या तालुक्याचं नाव राज्यभर झालं, तिथे आता मुंबई-नाशिकची माणसं पनीरच्या फोडी भाजायला येतात, हे चटकन पचत नाही.

"बार्बेक्यू कुठाय?" मी विचारलं. तंबूवाला पोरगा ओशाळून हसला आणि मला गोठ्यामागे घेऊन गेला. तीन पायांची, घुमटासारख्या झाकणाची एक शेगडी तिथे कलंडून पडली होती. झाकणाच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं.

"साहेबाची शेगडी," तो म्हणाला. कुणा साहेबाने बंगला विकताना ती माळ्याला दिली. माळी म्हणजे याचा मामा. मामाने दोन पावसाळे ती पागोळ्यांखाली ठेवली आणि मग भाच्याच्या गळ्यात घातली. "भंगारवाला अडीचशे देत होता. नाही दिली." शनिवारी पाहुणे यायचे होते, त्याआधी ती उजळायची होती. मी मुक्काम वाढवला.

घडण ओळखीची होती. १९५२ साली शिकागोच्या जॉर्ज स्टीफनने पत्र्याच्या कारखान्यात समुद्रातल्या बोयाचे दोन अर्धगोल पाहिले आणि एकाची शेगडी, दुसऱ्याचं झाकण केलं. ही त्याच वंशातली. डहाणूच्या एखाद्या खलाशाने तिला बघताच ओळखलं असतं.

सकाळी पोराची मावशी आली. पाहुण्यांच्या नागलीच्या भाकऱ्या तीच थापते. कामाला सुरुवात मात्र मी केली, कारण मला माहिती होती. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे लोंबत होते. रंग सुटलाय असं समजून मी सुरी काढली.

"राहू दे भाऊ. जळमटं आहेत ती, चुलीवरच्यासारखी." तिने कागदाचा बोळा फिरवला. पापुद्रे गळून पडले आणि खाली काचेसारखं गुळगुळीत इनॅमल दिसलं. रंग नव्हताच तो. वर्षानुवर्षांचा धूर आणि चरबी जळून साचलेली काजळी होती. माझी सुरी चालली असती तर इनॅमलचे टवके उडाले असते आणि गंजाला वाट मिळाली असती.

तळाला ती वाट आधीच मिळाली होती. मामाने राख न काढताच शेगडी ठेवली होती, आणि जव्हारच्या पावसात भिजलेली राख पत्र्याला सोडत नाही. तळाला दोन भोकं पडली होती. गंमत अशी की साफसफाईला मावशीने घेतली तीही राखच, चुलीतली, कोरडी, चाळलेली, आणि नारळाची शेंडी. राखेतला क्षार चरबीशी मिळाला की त्याचा कच्चा साबण होतो. पोराने तारेचा ब्रश आणला होता. तो मीच बाजूला ठेवायला लावला. त्याची तुटकी तार जाळीला चिकटून घासातून पोटात जाऊ शकते. माझं एवढंच ज्ञान त्या सकाळी उपयोगी पडलं.

घासता घासता ती मध्येच थांबे, नखाने काळं खरवडून बघे आणि काही जागा तशाच सोडून पुढे जाई. पोरगा वैतागला. "अगं, सगळं काढ ना, चमकलं पाहिजे."

"नखाला चिकटतं ते मळाचं. नख सरकतं ते कामाचं काळं. ते कशाला काढायचं?"

तिची नखं नागलीच्या पिठाने कडेला तपकिरी झालेली. अजूनही तवा घासायला घेतला की मी नख लावून बघतो.

जाळी मात्र संपली होती. जव्हारच्या वेल्डरने पांढरी चकचकीत जाळी पुढे केली. तिला जस्ताचा मुलामा होता. निखाऱ्यावर जस्त तापून त्याचा धूर अन्नात जायला नको, म्हणून साधी काळी सळई घ्यायला लावली. दोन सळयांत अंतर किती? मावशीने करंगळी घातली. एवढं. तळाला पत्र्याचं ठिगळ आणि जाळी मिळून ३५० रुपये झाले. "म्हणजे भंगाराच्या अडीचशेपेक्षा शंभर जास्तच," पोरगा म्हणाला. परतताना मोटारसायकलवर पुन्हा, "अडीचशे देत होता."

दुपारी त्याने बाहेरून चंदेरी रंग मारला. आता ती बादलीसारखी दिसते. मला कुणी विचारलं नाही.

नव्या जाळीला मावशीने खुरासणीचं तेल चोपडलं. इथल्या वरकस उतारांवर नागली-वरईबरोबर खुरासणी पिकते. तिचं तेल जवसाच्या तेलासारखं सुकून धरणारं. पातळ थर तापला की लोखंडावर कडक, काळी साय धरते. भाकरीच्या तव्यावरची साय तीच. फार तेल लावलं तर मात्र चिकट राहतं. म्हणून तिने लावलेलं जवळजवळ सगळं फडक्याने पुसून घेतलं आणि मग निखारे ओतले. आधी पांढरा धूर, मग तो किंचित कडवट, खरपूस वास. दिव्याची वात आणि भाजलेले कारळे एकत्र यावेत तसा. तीनदा तेल, तीनदा ताव. तिसऱ्या खेपेला जाळी काळी झाली आणि तिने नख फिरवलं. सरकलं.

पाहुणे यायला अजून एक दिवस होता. निखारे तर फुललेले. मावशी आत गेली आणि बाजारातून आणलेले सुके बोंबील घेऊन आली. जाळीवर आडवे मांडले. एकही खाली पडला नाही.

"मावशे, पनीरला वास लागेल," पोरगा कळवळला.

तिने बोंबील उलटले.