क्षेपणास्त्राच्या नाकातलं रडार

व्यास वीस सेंटिमीटर, लांबी साडेतीन मीटरहून थोडी जास्त, वजन २२० किलोच्या आसपास. जपानच्या ‘एएएम-४बी’ या क्षेपणास्त्राची मापं एवढीच सांगितली, तर कुणालाच नवल वाटणार नाही. नवल आहे ते त्याच्या नाकात.

हे क्षेपणास्त्र एका लढाऊ विमानातून सुटून दुसऱ्या विमानाचा वेध घेतं. सुटतं तेव्हा लक्ष्य कित्येक किलोमीटर दूर, नजरेच्या पार पलीकडे असतं. अर्ध्या वाटेपर्यंत मागचं विमान रेडिओवरून दिशा कळवत राहतं. शेवटच्या टप्प्यात मात्र क्षेपणास्त्राला लक्ष्य स्वतःच शोधावं लागतं. तेही स्वतः सेकंदाला साधारण किलोमीटरभर अंतर कापत असताना आणि समोरचं विमान जीव वाचवायला वेडीवाकडी वळणं घेत असताना. त्यात रडारचा नियम मोठा निर्दय आहे. लाटा जाताना पसरतात आणि लक्ष्यावर आपटून परत येतानाही पसरतात. त्यामुळे अंतर दुप्पट झालं की जाताना चौपट आणि येताना पुन्हा चौपट, असा परतीचा प्रतिसाद तब्बल सोळापट क्षीण होतो. ती क्षीण कुजबुज वीस सेंटिमीटरच्या नाकानं टिपायची!

जुन्या पद्धतीत नाकातला अँटेना छोट्या मोटरनं इकडेतिकडे वळवला जायचा. एएएम-४बीच्या नाकात वळणारं काही नाही. तिथे ‘एईएसए’ जातीचं रडार आहे. एका सपाट पाटीवर इवलेइवले अनेक अँटेना, आणि प्रत्येकाला लाटा सोडण्याची व टिपण्याची आपापली सोय. विहिरीत दोन खडे शेजारीशेजारी टाकले की काही दिशांना लाटा एकमेकींना उचलून धरतात, काही दिशांना एकमेकींना पुसून टाकतात. इथेही तेच घडतं. सगळ्या अँटेनांनी एकाच क्षणी लाट सोडली, तर झोत नाकासमोर सरळ जातो. डावीकडच्यांनी किंचित उशीर केला की झोत डावीकडे झुकतो. हा उशीर सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असतो, आणि तो प्रत्येक अँटेनाला वेगळा, मोजून द्यायचा असतो. एकही भाग न हलवता झोत क्षणात इथून तिथे फिरतो. मला विचाराल तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी ही एक आहे.

असं रडार विमानात बसवणंच मुळात अवघड होतं, आणि सेवेतल्या लढाऊ विमानात ते जगात पहिल्यांदा आलं तेही जपानमध्येच. मित्सुबिशीचं ‘एफ-२’ हे विमान ऑक्टोबर १९९५मध्ये पहिल्यांदा उडालं आणि २००० साली हवाई दलात दाखल झालं. अमेरिकेच्या एफ-१६वरून ते घडवलंय, पण पंखांचं क्षेत्रफळ पंचवीस टक्क्यांनी जास्त आहे. शिवाय हे पंख कार्बन-तंतूंच्या मिश्र साहित्याचे असून त्यांचा सांगाडा आणि कवच दाबभट्टीत एकत्रच भाजून काढतात. समुद्रावर उडायचं म्हणून रंगही निळ्याच्या दोन छटांचा. त्याच्या रडारनं सुरुवातीला त्रास बराच दिला, तरी पहिलेपणाचा मान त्याचाच. ११ मार्च २०११च्या त्सुनामीत मात्सुशिमा तळावरची अठरा एफ-२ विमानं पाण्याखाली गेली होती. त्यांपैकी तेरा दुरुस्त होऊन पुन्हा उडाली. खाऱ्या पाण्यात बुडालेलं लढाऊ विमान परत आकाशात नेणं ही कामगिरीही रडारइतकीच थक्क करणारी आहे.

तेच तंत्र आक्रसून क्षेपणास्त्रात बसवलं मित्सुबिशी इलेक्ट्रिकनं. आधीचं ‘एएएम-४’ १९९९ सालचं, आणि एईएसए बसवलेलं ‘४बी’ २०१० सालचं. हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्रात असं रडार तोवर जगात कुणी आणलेलं नव्हतं. ज्या देशानं १९६९मध्ये अमेरिकी ‘साइडवाइंडर’च्या धर्तीवर आपलं पहिलं ‘एएएम-१’ बनवलं, त्यानं चाळीसेक वर्षांत एवढी मजल मारली.

नाक मोठं ठेवण्यातही हिशेब होता. अमेरिकेच्या ‘अ‍ॅमराम’चा व्यास १७८ मिलिमीटर, एएएम-४चा २०३. फरक अंगठ्याच्या रुंदीएवढा. पण अँटेनाला मिळणारी जागा व्यासाच्या वर्गानं वाढते, म्हणून ती जवळपास तीस टक्क्यांनी जास्त भरते. झोत तेवढा अणकुचीदार होतो, दूरचं तेवढं नीट दिसतं.

आणि त्याच अंगठाभर जाडीनं पुढे वाट अडवली. जपाननं घेतलेलं एफ-३५ हे विमान रडारपासून लपण्यासाठी शस्त्रं पोटात ठेवतं, आणि त्या पोटात एएएम-४ मावत नाही. त्यावर २०१४ साली एक देखणा विचार पुढे आला. रॅमजेट इंजिनावर चालणाऱ्या युरोपीय ‘मीटिओर’ क्षेपणास्त्राच्या सडपातळ अंगावर जपानी रडारचं नाक बसवायचं. शस्त्रनिर्यातीचे कडक नियम जपाननं त्याच वर्षी सैल केले होते, म्हणून ब्रिटनबरोबर संयुक्त संशोधन सुरू होऊ शकलं. हेच मीटिओर आपल्या हवाई दलाच्या राफेलवर आहे. पण ते लग्न लागलंच नाही, प्रकल्प संशोधनापुढे सरकला नाही. मला त्याची हळहळ वाटते. दोन देशांच्या उत्तमातल्या उत्तम गोष्टी एका नळीत आल्या असत्या.

जवळच्या झुंजीसाठीचं ‘एएएम-५’ वेगळ्या वाटेनं जातं. ते रडार वापरत नाही, उष्णतेचं चित्र बघतं. रॉकेटच्या झोतालाच दिशा देऊन ते अंगच्या अंगी वळतं.

यातलं एकही क्षेपणास्त्र जपाननं अजून युद्धात डागलेलं नाही. पण ती लटकवून विमानं मात्र सतत झेपावत असतात. एप्रिल २०१६ ते मार्च २०१७ या वर्षात परकी विमानांच्या दिशेनं १,१६८ वेळा तातडीनं उड्डाणं झाली, हा तिथला उच्चांक आहे. जानेवारी २०२३मध्ये ह्याकुरी तळावर झालेल्या ‘वीर गार्डियन’ सरावात याच एफ-२ आणि जपानच्याच एफ-१५ लढाऊ विमानांबरोबर भारताची सुखोई-३० उडाली, ज्यांची बांधणी आपल्या नाशिकजवळ ओझरला होते.

जपान आता ब्रिटन आणि इटलीबरोबर २०३५पर्यंत नवं लढाऊ विमान आणायच्या तयारीत आहे, आणि मध्यम पल्ल्याचं नवं क्षेपणास्त्रही घडवतो आहे. तोवर एखाद्या जपानी लढाऊ विमानाचा फोटो हाती आला, तर पंखांकडे जरा निरखून बघा. तिथे लटकलेल्या क्षेपणास्त्राच्या पुढच्या पात्यांना खाच असेल तर ते एएएम-५च्या आधीचं एएएम-३. पुढे पातीच नसून अंगावरून लांबलचक अरुंद पट्ट्या गेल्या असतील तर एएएम-५. आणि त्या दोघांहून उघड जाडजूड दिसेल ते एएएम-४.