कुंपणातून अरण्यात

ईशान्य अमेरिकेतील ओक आणि मेपल वृक्षांना पालवी फुटण्यापूर्वीच, वसंताच्या अगदी आरंभी, अरण्याच्या तळाशी जी कंबरभर उंचीची झुडपे हिरवीगार होऊन वाट अडवून बसलेली दिसतात, ती त्या भूमीची नव्हेत. ती जपानी बार्बेरी. चमच्याच्या आकाराची इवली पाने, पानांच्या झुबक्याखाली सरळ, अणकुचीदार असा एक काटा, हिवाळाभर फांदीला लोंबणारी तांबडी लांबट फळे, आणि साल नखाने खरवडताच प्रकट होणारा पिवळाजर्द गाभा, हे तिचे रूप. त्यातील पिवळा गाभा मराठी वाचकास अपरिचित वाटू नये, कारण आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी दारुहळद ही याच प्रजातीतील हिमालयीन वनस्पती होय.

जपानी बार्बेरीचे बियाणे १८७५ साली सेंट पीटर्सबर्गहून बोस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानात रवाना झाले. युरोपीय वसाहतकारांनी रंगासाठी व मुरंब्यासाठी आणलेली सामान्य बार्बेरी तेथे पूर्वीच रुजली होती. परंतु गव्हावरील तांबेऱ्याची बुरशी आपल्या जीवनक्रमातील एक अवस्था तिच्या पानांवर घालविते म्हणून सरकारने १९१८ पासून तिच्या उच्चाटनाची मोहीम उघडली, आणि त्या तांबेऱ्यास दाद न देणारी जपानी बार्बेरी निर्दोष ठरून घरोघरच्या कुंपणांत मिरवू लागली. चौकशी झाली ती गव्हापुरती. अरण्याची फिर्याद कोणी दाखल केलीच नाही.

काट्यांमुळे हरिणे तिला तोंड लावीत नाहीत आणि शेजारची कोवळी रोपे मात्र फस्त करतात. पक्षी तिच्या बिया दूरवर नेतात. पण खरा अनर्थ जमिनीलगत घडतो. कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तिच्या दाट जाळीखाली हवेतील ओलावा टिकून राहत असल्यामुळे, एरवी कोरड्या हवेत सुकून मरणाऱ्या गोचिडी तेथे तग धरतात, पांढऱ्या पायांच्या उंदरांनाही तेथेच आसरा मिळतो, आणि उंदरांच्या रक्तातील लाइम रोगाचे जंतू गोचिडींच्या दंशावाटे माणसापर्यंत पोहोचतात. जाळी काढून टाकली की गोचिडी घटतात, हेही त्यांनी सिद्ध केले.

न्यूयॉर्क, मेन, पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी आता विक्रीवर निर्बंध घातले आहेत. ते फार विलंबाने आले, असेच म्हटले पाहिजे. न्यू जर्सी व कनेक्टिकटमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस विनंती आहे की, अंगणात हिरव्या वा जांभळट पानांची ही शोभा असल्यास जाड हातमोजे चढवून ती समूळ उपटावी, काम उरकताच अंगावर गोचीड नाही ना हे पाहावे, आणि मोकळ्या जागी त्या भूमीचीच ब्लूबेरी लावावी.